कोऱ्या लेटरहेडवरची सही

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय अनंता,

सुशीलावहिनींच्या गुडघ्याचं कसं आहे? ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं. आता जिना चढतात की अजून लिफ्टपुढं उभ्या राहून सोसायटीचा उद्धार करतात? सौमित्रचं बीपी उतरलं का? त्याला म्हणावं, लोणच्याची बरणी अशा फळीवर ठेव की स्टूल घेतल्याशिवाय हात पोचू नये. ऋचाच्या शाळेत दहावीची धांदल असेल, सूनबाईला जेवायला तरी फुरसत मिळते का बघ. आणि तुझा खोकला? ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवल्या होत्या, त्या चघळल्यास की पुस्तकात खुणेला घातल्यास?

आता स्वराली. तिचं नाव शेवटी घेतलं म्हणून रागावू नकोस, चार वेळा पेन उचलून ठेवलं. बोटं मिटायला लागली का? डॉक्टर काय म्हणतात? अंगठा हलतो असं सौमित्र कुणापाशी तरी बोलल्याचं कानावर आलं. खरं आहे ना?

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर ‘मा. आमदार, संपर्क कार्यालय’ बघून वाटलं, कुणाची तरी गटाराची तक्रार असेल. मग अक्षर ओळखलं. आत बघतो तर ‘आपण’, ‘आपले कार्यालय’ आणि खाली ‘एक मतदार’. अरे, तांबट आळीतल्या आमच्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागलास तेव्हापासून साठ वर्षं झाली. मला सातवीत शाळेतून काढून हातोडी दिली, तेव्हा तू आपली पुस्तकं आणून द्यायचास आणि मी घागरी ठोकता ठोकता ती वाचायचो. तू मला गाढव म्हणालास, ठोंब्या म्हणालास. ‘आपण’ मात्र कधी म्हणाला नव्हतास. 

त्यावर माझ्या साईनाथनं, म्हणजे स्वीय सहायकानं, तुला छापील उत्तर धाडलं: ‘आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.’ मला दुसऱ्या दिवशी कळलं. तुझ्या नातीला गोळी लागते आणि आम्ही नोंद घेतो! म्हणून हे हातानं लिहितोय. फोन तू उचलत नाहीस.

तुझे प्रश्न तीन. पहिला, शहरात राहणाऱ्या माणसाला पिस्तूल कशाला? मलाही पुरतं कळत नाही बघ. परवाना पोलीस आयुक्तालय देतं. जिवाला धोका दाखवावा लागतो, चौकशी होते, हे सगळं कागदावर चोख आहे. पण ज्याला धोका असतो तो पिस्तूल लपवतो, आणि आपल्याकडे शर्ट वर करून दाखवतात. मार्चच्या अधिवेशनात मी हा विषय मांडणार आहे. मसुदा केलाय, नेहमीसारखी लाल पेन्सिल फिरव:

‘१२ जानेवारीला, रविवारी संध्याकाळी सहा वाजता, माझ्या मतदारसंघातल्या एका चौकात हिंदुराव नावाच्या जमीन-दलालानं वाढदिवसाचा केक कापला आणि परवान्याच्या पिस्तुलातून हवेत तीन गोळ्या झाडल्या. त्यातली एक, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीच्या उजव्या दंडात शिरली. आनंदानं गोळीबार करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु आरोपी नऊ दिवसांत जामिनावर घरी आला आणि ती मुलगी अद्याप पेन धरू शकत नाही.’

‘परंतु’ ठेवू की ‘पण’ करू?

दुसरा प्रश्न, नागरिकांनी शांतपणे निषेध केला तर नोटिसा येतील का? अनंता, मी आमदार असेपर्यंत कुणाला उठवू देणार नाही. खुशाल बसा.

तिसरा प्रश्न, हिंदुरावच्या अर्जाला शिफारसपत्र कोणाचं होतं. माहिती मागवली आहे. मिळताच कळवतो.

तुझा
तात्या


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय अनंता,

वहिनींना नमस्कार. तुझी तब्येत विचारत नाही, कारण ती मला दिसते आहे.

मी ‘बसा’ म्हणालो आणि तू खरंच बसलास! गुरुवारी सकाळी दहाला खिडकीतून बघतो तर समोरच्या फूटपाथवर, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानापुढं, घडीची खुर्ची, कानटोपी आणि मांडीवर पाटी. चार दिवस चष्मा पुसून पुसून वाचतोय. दोनच शब्द: ‘पत्र कोणाचं?’ मराठीच्या मास्तरानं एवढं थोडक्यात लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

पहिल्याच दिवशी चौकीचे इन्स्पेक्टर आले. म्हणाले, ‘साहेब, विनापरवानगी आहे. उचलू का?’

म्हटलं, ‘उचलू म्हणजे? तो काय फ्रीज आहे?’

‘नाही, पण उद्या गर्दी वाढली तर?’

‘वाढली तर पाणी ठेवा.’

मग ऊन चढलं म्हणून मी साईनाथला छत्री घेऊन पाठवलं. त्याच्याकडून तू काय निरोप दिलास, ते त्यानं मला जसंच्या तसं ऐकवलं: ‘छत्रीवर साहेबांच्या पक्षाचं चिन्ह आहे. खाली बसलो तर प्रचार होईल.’ मला एवढं हसू आलं की ठसका लागला. पाठीवर थाप मारायला कुणी नव्हतं. बाहेर बाकांवर तीसेक माणसं बसली होती, आत मी एकटा खोकत होतो. साईनाथनं दार लोटून घेतलं, साहेब कामात आहेत म्हणून.

आता तुझ्या शेजारी तुमच्या इमारतीतल्या बायका बसतात. कालपासून चार पोरंही येतात, पांढऱ्या काठ्या घेऊन. साईनाथ चौकशी करून आला. ही अंध मुलं, ज्यांचे पेपर स्वराली लेखनिक म्हणून लिहायची. आता परीक्षा आल्या आणि लेखनिकाचा हात गळ्यात बांधलाय. हे मला ठाऊक नव्हतं, अनंता. लहानपणी ही पोर माझ्या खांद्यावर बसून कसब्याचा गणपती बघायची, आणि ती मोठेपणी काय करते हे मला साईनाथनं सांगावं!

चाळीस पावलांवर तू बसतोस आणि मी हे पत्र पेटीत टाकतो, ते आधी गावभर फिरून मग तुझ्याकडं येतं. रस्ता ओलांडून का येत नाही, असं कुणीही विचारेल. पोटऱ्या भरून येतात, असं धरून चल.

तिसऱ्या प्रश्नाची माहिती मिळाली. पत्र आपल्याच कार्यालयातून गेलंय. २०२३च्या डिसेंबरात. मी तेव्हा नागपूरला अधिवेशनात होतो. साईनाथनं दिलं. यापलीकडं मला काही माहीत नाही.

तात्या


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अनंता,

तुझ्या गल्लीतला पोस्टमन भेटला होता. म्हणाला, सरांना पत्रं वेळेवर पोचतात, सर ती पावती दिल्यासारखी मान हलवून घेतात. म्हणजे वाचतोस. पाटी मात्र बदलत नाहीस.

काल पक्षाचे शहराध्यक्ष कार्यालयात येऊन गेले. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी पडदा ओढला, म्हणजे तू दिसू नयेस. मग म्हणाले, ‘तात्याराव, यात अवघड काय आहे? सही तुमची नाहीच. त्या पीएनं खोटी सही मारली. तुम्ही फसवणुकीची तक्रार द्या, मसुदा मी आणलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

साईनाथ चहा घेऊन दारातच उभा होता. ट्रे हलला नाही त्याच्या हातातला. ते गेल्यावर मला म्हणतो, ‘साहेब, मी सांगतो की सही मीच केली.’

‘तू केलीस का?’

‘नाही. पण जमते मला. हे बघा.’ आणि त्यानं टेबलावरच्या जुन्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर माझी सही करून दाखवली. ‘त’चा फाटा, ‘राव’खालची रेघ, सगळं हुबेहूब. माझी तरी इतकी चांगली येत नाही आता.

‘पंधरा वर्षं तुमच्या सह्या बघतोय,’ म्हणाला. ‘वर्ष-दोन वर्षं जाईन आत. तुम्ही माझ्या घरचं बघालच ना?’

अनंता, हा माणूस मला रोज घरून डबा आणतो. तुझी श्यामलावहिनी गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं झाली, त्याच्या बायकोच्या हातची भाजी मी खातोय. आणि मी त्याला लगेच ‘नाही’ म्हणालो नाही. ‘बघू’ म्हणालो.

ही चिठ्ठी फाडून टाक. किंवा नको फाडूस.

तात्या


मंगळवार, २५ फेब्रुवारी

प्रिय अनंता,

आज महाशिवरात्रीचा आदला दिवस. उद्या उपास, म्हणून कार्यालयात गर्दी कमी होती. मी दार लावून बसलो आणि ठरवलं, आज पूर्ण लिहायचं. भांड्याला पोचा पडला की बाहेरून कितीही ठोका, तो आणखी बसतो. आतूनच ठोका द्यावा लागतो. हे मला बापानं वयाच्या तेराव्या वर्षी शिकवलं आणि मी सत्तरीत विसरलो.

मी तुला दोनदा खोटं लिहिलं. दहा तारखेला ‘माहिती मागवली आहे’ म्हणालो, तेव्हा माझ्या खणात त्या पत्राची नक्कल होती. गोळी सुटली त्याच आठवड्यात साईनाथनं जावक वहीतला क्रमांक काढून ती माझ्यापुढं ठेवली होती. सतरा तारखेला साईनाथवर ढकललं, ते अर्धं खोटं. पत्र टाइप त्यानं केलं. सही माझीच आहे. माझ्याच हातची, निळ्या शाईची.

पहिल्यांदा निवडून आलो त्या वर्षीची गोष्ट. मी नागपूरला अधिवेशनात होतो, आणि अपर इंदिरानगरातली एक धुणंभांडी करणारी बाई मुलाच्या वसतिगृहाच्या प्रवेशासाठी शिफारस मागायला आली. साहेब नाहीत, परवा या. परवा आली. साहेब नाहीत. मी परत आलो तोवर मुदत संपली होती. ती बाई मला रस्त्यात भेटली आणि रागावली नाही. म्हणाली, ‘असू द्या साहेब, पोराच्या नशिबात नव्हतं.’ ती रागावली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी दर अधिवेशनाच्या आधी पन्नास कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून साईनाथकडं ठेवून जायचो. दवाखाना, वसतिगृह, रहिवासाचा दाखला, कुणाचं अडू नये. कुणी दारातून रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच डोक्यात. लोक म्हणायचे, तात्यारावांचं कार्यालय साहेब नसले तरी चालतं. मी फुशारकीनं मान डोलवायचो.

२०२३च्या डिसेंबरात हिंदुराव आला. साईनाथ म्हणतो, कात्रजकडचा माणूस, गणपतीला मंडप देतो, आपल्या सभेला खुर्च्या देतो, नाही कसं म्हणायचं? आणि पन्नासातल्या एका कागदावर त्यानं टाइप केलं: ‘सदर व्यक्ती माझ्या चांगल्या परिचयाची असून शांत व जबाबदार स्वभावाची आहे.’ कायद्यात आमदाराचं पत्र कुठं लागत नाही. पण अर्जाला जोडलं की फायलीचं वजन वाढतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

एवढ्यावर थांबलो तरी माणूस म्हणेल, चूक झाली, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तिथंच तर गोम आहे. मला ठाऊक होतं.

गेल्या गणपतीत मी मंडळांच्या आरत्या करत फिरत होतो. एका मांडवात हिंदुराव पाया पडला, बाजूला घेतलं आणि शर्ट वर केला. ‘साहेब, तुमच्या पत्रामुळं काम झालं बगा. ह्यो तुमचाच आशीर्वाद हाय.’ कमरेला ते होतं. मला आठवेना कसलं पत्र, पण मी काय केलं सांगू? हसलो. म्हणालो, ‘बरं बरं, जपून वापरा हं.’ नवा मिक्सर घेतलेल्या माणसाला सांगावं तसं. आजूबाजूचे हसले, कुणीतरी मला पेढा दिला, मी तो खाल्ला आणि पुढच्या मांडवाला गेलो.

चार महिने माझ्या हातात होते. साईनाथला विचारायचं होतं, कसलं पत्र रे? पोलिसांना एक ओळ लिहायची होती, की शिफारस परत घेतो. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण विचारलं असतं तर पन्नास कागदांचं विचारावं लागलं असतं.

आणखी एक सांगतो, रागावू नकोस. काल जावक वही पुन्हा चाळली. हिंदुरावचा क्रमांक ४१७. त्याच्या वर, ४१६, सुशीलावहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी खाटेची शिफारस. तू स्वतः आला होतास, मी नागपूरला होतो, आणि साईनाथनं तुझ्यासमोर माझ्या सहीचा कोरा कागद यंत्रात घातला होता. म्हणजे पत्र कोणाचं, कसं निघतं, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू मला विचारत नव्हतास. मी सांगतो का, ते बघत होतास.

आणि कदाचित स्वतःलाही उन्हात बसवत होतास. तो कोरा कागद बघितलास, तेव्हा तू मला का टोकलं नाहीस रे? विचारायचा अधिकार मला नाही, पण विचारलं.

शहराध्यक्षांच्या मसुद्यावर अजून सही केलेली नाही. पंधरा वर्षांत पहिलाच कागद असेल जो मी आधी वाचला.

तात्या


आमदार निवास, मुंबई
बुधवार, ५ मार्च

प्रिय अनंता,

घरी सगळे बरे आहात ना? स्वरालीच्या हाताला पुन्हा कापावं लागणार असं कळलं. नस दबली आहे म्हणतात. कधी, कुठं, कुणी सांगत नाही. मी कुणाला विचारणार?

मला इथं दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे. शेजारच्या खोलीत विदर्भातले एक आमदार मोठ्यानं टीव्ही लावतात. मी तक्रार करत नाही, तेवढीच सोबत. उत्कर्षा बंगळूरहून दर रविवारी फोन करते, ‘बाबा, जेवलात?’ विचारते, आणि ‘हो’ म्हटलं की तिला बोलायला दुसरं सुचत नाही. मलाही.

काल मी सभागृहात बोललो. गृहखात्याच्या चर्चेत मला चार मिनिटं मिळाली होती. तुझ्या लाल पेन्सिलीशिवायच उभा राहिलो. शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी व्हावी, रस्त्यावर शांतपणे बसणाऱ्याला गुन्हेगारासारखं वागवू नये, दोन्ही मागण्या मांडल्या. आणि शेवटी म्हणालो, ‘अध्यक्ष महोदय, ज्या परवान्याची गोष्ट मी सांगितली, त्याच्या शिफारसपत्रावरची सही माझी आहे. कोऱ्या कागदावर केलेली.’

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. समोरच्या बाकावरचे एकजण मोबाइल बघत होते. एकजण उपरण्यानं चष्मा पुसत होते. घंटा वाजली, अध्यक्ष म्हणाले, ‘सन्माननीय सदस्यांनी आटोपतं घ्यावं,’ आणि पुढचं नाव पुकारलं. चहाला बाहेर आलो तर एक तरुण सदस्य खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तात्या, काय भावनिक बोललात! त्या पाणीपुरवठ्याचं मात्र राहिलं.’

खोलीवर येऊन बूट काढताना लक्षात आलं, की मी इथंही चलाखीच केली. सभागृहात आमदार जे बोलतो, त्याबद्दल त्याला कोर्टात ओढता येत नाही. घटनेनंच तसं कवच दिलंय. जिथं काहीच होणार नाही तिथं मी खरं बोललो, आणि छातीवरचं ओझं उतरलं म्हणून रात्रीचं जेवणही पोटभर जेवलो. म्हातारपणी माणसाला स्वतःला फसवायची किती सवय होते बघ.

शनिवारी पुण्याला येतो.

तात्या


बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, ११ मार्च

प्रिय अनंता,

काल सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. गाडी घेतली नाही, रिक्षानं गेलो, कारण गाडी दिसली की चार कार्यकर्ते मागे लागतात. इन्स्पेक्टर उठून उभे राहिले. मी म्हटलं, ‘बसा, मी जबाब द्यायला आलोय.’

सगळं सांगितलं. पन्नास कागद, हिंदुराव, गणपतीतला मांडव, पेढा. ते लिहिता लिहिता थांबले. ‘साहेब, मांडवातलं लिहिलंच पाहिजे का? ते कुणी विचारलेलं नाही.’

‘लिहा.’

‘वकिलांना विचारलंत?’

‘विचारलं. ते नको म्हणाले.’

‘मग?’

‘मग काय, पेन द्या.’

यावेळी वर लिहिलेलं दोनदा वाचलं आणि मग खाली सही केली. साईनाथविरुद्धच्या तक्रारीच्या मसुद्यावर सही केली नाही, तोही जबाबाला जोडलाय. साईनाथ माझ्यावर भडकला आहे. ‘मी तुम्हाला वाचवत होतो, तुम्ही दोघांना बुडवलंत,’ म्हणाला, आणि त्याचं खोटं नाही, त्यालाही आता चौकशीला जावं लागेल. आज डबा आला नाही. शहराध्यक्षांचा फोन आला होता. एवढंच म्हणाले, ‘तात्याराव, आता विश्रांती घ्या.’ त्याचा अर्थ मला कळतो.

ठाण्यातून निघालो तो सरळ फूटपाथवर आलो. तुझी खुर्ची नव्हती. बायका होत्या, आणि ती चार मुलं. मी उभा राहून म्हणालो, ‘ते पत्र माझं आहे.’

 काठी मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीनं मान वर केली. ‘कोण बोलतंय?’

केवढा साधा प्रश्न! गेल्या पंधरा वर्षांत मला या भागात कुणी विचारला नव्हता. प्रत्येक खांबावर माझा फोटो आहे, पण तिला त्याचा काय उपयोग?

‘मी तात्याराव करडे. आमदार.’

‘अच्छा. मी संस्कृती. अनंतकाका आज नाहीत, स्वरालीताईला दुसऱ्या ऑपरेशनला नेलंय. पण मला एक विचारायचंय तुम्हाला. ताईनं माझे सहा पेपर लिहिलेत. मी सांगायचे, ती लिहायची, आणि शेवटी सगळं वाचून दाखवायची. माझं उत्तर चुकलेलं तिला कळायचं, तिचा श्वास थांबायचा, ते मला ऐकू यायचं. पण मी न सांगितलेलं एक अक्षर तिनं कधी घातलं नाही. आणि तुमच्या नावावर कुणीही काहीही लिहायचं, तरी तुम्ही वाचायचातसुद्धा नाही?’

मी म्हटलं, ‘नाही वाचायचो.’

‘का?’

‘लोक खूश व्हायचे, बाळ.’

तिनं काठी बाजूला सरकवली. मग म्हणाली, ‘बरं. बसा, उन्हात उभे राहू नका.’ दयेनं नव्हे, जागा होती म्हणून. मी बसलो. तासभर बसलो. माझ्या कार्यालयाची पाटी इतकी मोठी आहे, हे तिथून पहिल्यांदा दिसलं.

मग ऋचानं मुलांना सांगितलेलं हॉस्पिटलचं नाव विचारून घेतलं आणि तिकडं गेलो. अनंता, मी फाटकापर्यंत येऊन परत गेलो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. रखवालदारानं ओळखलं, सलाम ठोकला आणि मागचं दार उघडायला धावला: ‘साहेब, इकडून या, पासची गरज नाही.’ त्याच्यामागं लिहिलं होतं, भेटायला येणाऱ्याला रुग्णाच्या नातेवाइकाचा पास लागेल. रांगेत एक म्हातारी हातात तो पिवळा कागद धरून उभी होती. मी रखवालदाराला म्हटलं, ‘दार लाव बाबा. माझ्याकडं पास नाही.’ आणि वळलो.

मला स्वरालीपुढं उभं राहायचं आहे. क्षमा मागायला येणार नाही, तसा भार त्या पोरीवर टाकणार नाही. ती काय बोलेल, ते फक्त ऐकायचंय. काही बोलली नाही तरी तेवढा वेळ उभं राहायचंय. पण तुमच्या घरच्यांनी पास दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे ठरवलंय.

तेव्हा ये किंवा येऊ नको, यांतलं एक लिही. वहिनींना विचार, सौमित्रला विचार, आणि सगळ्यांच्या आधी तिला विचार. ‘नको’ लिहिलंस तर मी ते नीट घडी करून ठेवीन आणि येणार नाही. पण एक ओळ लिही, अनंता, आणि लवकर लिही. मी आता घरीच असतो. पोस्टमन दुपारी दीडला येतो, मी सव्वाला दारात येऊन उभा राहतो.

तुझा
तात्या